सडा, पुळण, पाखाडी: चालणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की कोकणात पायी फिरण्याबद्दल जे काय विचारायचंय ते विचारा, तर ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, चक्क दोन-चार पोस्टकार्डं सुद्धा आली. सगळी वाचली. बहुतेकांनी ‘कुठे जाऊ’ विचारलंय, ‘कधी जाऊ’ विचारणारे अगदी थोडे, आणि आमच्या मते घोळ तिथेच होतो. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेला जानेवारीत गेलात तर तासन् तास पाण्याकडेने चालाल आणि तिथेच जुलैत गेलात तर पाण्यापासून लांब उभं राहूनच बघावं लागेल, जागा तीच. म्हणून खाली उत्तरं देताना आम्ही आधी महिना धरलाय आणि मग गाव. तुमच्या आवडीचं गाव निसटलं तर रागावू नका.

जुलैमध्ये पाच दिवस सुट्टी मिळतेय. आम्ही दोघं, दर रविवारी सिंहगड चढतो, त्यामुळे चालायची सवय आहे. रत्नागिरी जिल्ह्यातले कुठले बीच पायी करावेत?
– एक जोडपं, पुणे

एकही नाही. जुलैत समुद्राला आपली गरज नसते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या मे अखेरीलाच किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात, म्हणजे ज्यांचं पोट समुद्रावर आहे तेच घरी बसलेत आणि आपण पुण्याहून त्याच्याशी खेळायला जायचं हे काही खरं नाही. पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, ती पण त्या दिवसांत अर्धी झालेली असते, लाटा वाळू खेचून नेतात आणि खालचे खडक उघडे पडतात.

मग जायचं कुठे, तर वर. सड्यावर. कोकणचं गाव कसं असतं बघा, खाली खाडी किंवा समुद्र, मग माडा-पोफळीची आगरं आणि घरं, मग उतारावर आंबा-काजू, आणि सगळ्यात वर जांभ्या दगडाचं सपाट पठार, तोच सडा. एप्रिलमध्ये गाडीतून जाताना याच सड्याकडे बघून लोक म्हणतात काय भकास आहे, काळा दगड आणि वाळकं गवत, नुसती पडीक जमीन. हाच सडा मृग लागून पंधरा दिवस झाले की ओळखू येत नाही. रत्नागिरी ते गणपतीपुळे, पावस ते पूर्णगड, राजापूरकडे बारसू आणि देवाचे गोठणे, खाली देवगड, कुठेही मुख्य रस्त्यावरून बाजूला व्हा आणि कातळावर चढा.

तुम्ही जुलैच्या सुरुवातीला आलात तर दीपकाडी बघायला मिळेल, ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती कोकणातल्या या कातळांवरची खास रहिवासी आहे, पावसाच्या सुरुवातीला फुलते आणि लवकर आटोपते. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत खरा बाजार भरतो, सीतेची आसवं, गेंद, तेरडा, मग सोनकी. पण ही फुलं उभं राहून दिसत नाहीत हो. निळ्या-जांभळ्या रंगाचा हलका धूर पसरल्यासारखं काहीतरी दिसतं आणि लोक फोटो काढून पुढे जातात. एखाद्या उथळ डबक्याच्या कडेला सरळ पालथं पडायचं, कपडे भिजणारच आहेत. काडीएवढ्या देठावर नखाएवढं निळं फूल, तीच सीतेची आसवं, त्याला मागे बारीक शिंगासारखा काटा, आणि खाली चिखलात, पाण्यात त्याच्या तंतूंना लागलेल्या मोहरीहून बारीक पिशव्या. त्या पिशव्या म्हणजे सापळे. पाण्यातला सूक्ष्म किडा पिशवीच्या तोंडावरच्या केसाला लागला की डोळ्याचं पातं लवायच्या आत तो पाण्यासकट आत ओढला जातो. एवढी नाजूक वनस्पती मांसाहारी का झाली, तर कातळावर माती जेमतेम बोटभर आणि तिच्यातलं नत्र पावसाने धुवून नेलेलं, मग पोटाला काय खाणार. जवळच लालसर, चिकट थेंबांनी चमकणारी दवबिंदू दिसली तर तिचाही धंदा तोच.

कासच्या पठाराला आता ऑनलाइन तिकीट आणि गर्दी, इथे ना तिकीट ना गर्दी, फक्त पाय कुठे ठेवतोय ते बघायचं. काळ्या कातळावर शेवाळ धरलेलं असतं, जिथे गवत आहे किंवा दगड खरबरीत आहे तिथूनच चाला. आणि चिरेखाणी! घराला लागणारा चिरा काढून सोडून दिलेल्या खाणी सड्यावर जागोजागी आहेत, कडा सरळ कापलेल्या, आत पुरुषभर पाणी आणि कडेने गुडघाभर गवत, त्यामुळे चार पावलांवर येईपर्यंत कळत नाही. धुकं उतरलं तर थांबा, चालत राहू नका. जूनच्या सुरुवातीला आणि पाऊस परतताना दुपारनंतर विजा होतात, सड्यावर सगळ्यात उंच तुम्हीच असता, तेव्हा ढग काळे झाले की खाली वाडीत उतरायचं. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आहे, ते फोनमध्ये टाकून ठेवा, जवळपास वीज असेल तर सांगतं.

आणि साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून, पाणी जात असेल तर पलीकडे जायचं नाही. पलीकडे होमस्टेवाल्याने गरम भात टाकलेला असला तरी नाही.

गेल्या डिसेंबरमध्ये किनाऱ्याने चालत एका खडकाला वळसा घालून पलीकडच्या छोट्या पुळणीवर गेलो, तासाभराने परत निघालो तर वाटच नाही! कमरेएवढ्या पाण्यातून मुलांना खांद्यावर घेऊन आलो. भरती-ओहोटीची वेळ आधी कशी कळणार? गुगलवर वेगवेगळं दाखवतं.
– एक वाचक, मुलुंड

मुलांना घेऊन सुखरूप आलात हे महत्त्वाचं. आता हिशोब सांगतो, तो फोनला रेंज नसताना सुद्धा चालतो. कोळीवाड्यात कुठल्याही म्हाताऱ्याला माहीत असतो. कालनिर्णय बघून तिथी घ्यायची, शुक्ल असो की कृष्ण, तिला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन वाजता भरती. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी साडेतीनच्या आसपास, आणि मधे साधारण सहा तासांनी, सकाळी नऊला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाची भरती. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. एका भरतीपासून दुसरी सव्वाबारा ते साडेबारा तासांनी, म्हणून रोज वेळ पाऊण-एक तास पुढे सरकते, तिथीचं गणित त्यावरच बसवलंय. हे ढोबळ आहे, अलिबागला आणि वेंगुर्ल्याला वेळ थोडी इकडेतिकडे होणार, तेवढी अर्ध्या-पाऊण तासाची सूट दोन्ही बाजूंनी ठेवा.

दुसरी गोष्ट, पाणी किती चढणार. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, पाणी खूप वर येतं आणि तेवढंच खूप खाली जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग, चढउतार कमी. त्यातनं चालणाऱ्याचा फायदा असा की पौर्णिमेला भरती सव्वाअकराला म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाच-साडेपाचला, पुळण अशी रुंद आणि टणक पडलेली असते की डांबरी रस्त्यापेक्षा बरी, सूर्य समुद्रात आणि तेवढ्यात मागे माडांवर चंद्र. संध्याकाळी चालायचं असेल तर पौर्णिमा, सकाळी लवकर उठणाऱ्यांसाठी द्वितीया-तृतीया. तुमची सुट्टी ठरवताना शनिवार-रविवारसोबत हेही बघा, फुकट आहे.

खडकाला वळसा घालायचा असेल तर ओहोटी पूर्ण व्हायच्या आधी, पाणी अजून उतरत असताना निघायचं, आणि उतरणं थांबलं की परत फिरायचं. पाणी पहिल्या तासात हळू चढतं आणि तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात जोरात, म्हणून पहिला तास माणसाला वाटतं अजून भरपूर वेळ आहे. खडकांवर कालवं काढणाऱ्या बायका बसलेल्या असतात ना, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. त्यांनी टोपली उचलली की आपणही उठायचं. मालवणकडे तर त्या स्वतःच ओरडतात, “भरती इली, मागे फिरा!” त्यावर ‘हो हो पाचच मिनिटं’ म्हणणारे मुंबईकर आम्ही पाहिलेत.

हेदवीची बामणघळ बघायला जाणाऱ्यांना पण हेच. खडकाला पडलेली ती अरुंद चीर भरतीला पाणी आत घेते आणि मोठ्ठा फवारा वर फेकते, बघायला भरतीच हवी हे खरं, पण लांबून. सेल्फीसाठी चिरेच्या तोंडाशी उभं राहायचं नाही, तो कातळ ओला आणि बुळबुळीत असतो.

आई ७१ वर्षांची, गुडघे कुरकुरतात पण तिला गाडीत बसून समुद्र बघायचा नाहीये, चालायचंय म्हणते. काय सुचवाल?
– लेक, नाशिक

आईंना नमस्कार सांगा. गुहागर. जवळजवळ सहा किलोमीटरची सलग, जवळपास सपाट पुळण, मागे सुरूचं बन, आणि व्याडेश्वराचं देऊळ किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, कंटाळा आला की कुठूनही वर गावात शिरता येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ओहोटीच्या वेळी ओल्या टणक वाळूवरून चालवा, कोरड्या भुसभुशीत वाळूत गुडघे बोलायला लागतात. दुसरं दापोलीजवळ मुरूड ते कर्दे, तेही सपाट. हे मुरूड महर्षी कर्व्यांचं. विद्यार्थी असताना परीक्षेला बसायला ते इथून साताऱ्यापर्यंत घाट चढून चालत गेले होते, आणि तिथे वय लहान दिसतं म्हणून त्यांना बसूच दिलं नाही! आईंना ही गोष्ट सांगा, एक किलोमीटर सहज जास्त चालतील.

गणपतीपुळ्याची डोंगराची प्रदक्षिणा साधारण एक किलोमीटर, तीही छान, फक्त थोडा चढउतार आहे आणि सुट्टीच्या दिवशी गर्दी. पाण्यात मात्र तिथे घोट्याच्या वर कोणीच जाऊ नये, पाण्याला ओढ आहे.

सापांची फार भीती वाटते. कोकणात फुरसं फार असतं म्हणतात. मग चालायचं कसं?
– नवखा भटक्या, संभाजीनगर

असतं, रत्नागिरी-देवगडच्या कातळावर भरपूर असतं, खोटं कशाला बोला. हात-दीड हाताचा, मातकट रंगाचा, बाणासारखं डोकं, दगडाखाली नाहीतर गडग्याच्या, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाच्या, फटीत वेटोळं करून बसतो आणि डिवचला की अंगाचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करतो. तो तुमच्या मागे येत नाही, तुमचा पाय किंवा हात त्याच्यावर जातो. म्हणून दगड उचलून बघायचा नाही, गडग्यावर हात टेकून चढायचं नाही, बसायच्या आधी जागा बघायची, बूट घालायच्या आधी झटकायचे, आणि अंधार पडल्यावर दहा पावलं जायचं असेल तरी बॅटरी. शेतात-बागेत काम करतानाच जास्त दंश होतात, ट्रेकवर नाही.

चावलाच तर करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिक नाही. पाय हलवू न देता माणसाला उचलून जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात, १०८ ला फोन. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, त्यामुळे साप मारून पिशवीतून नेण्याची काही गरज नाही. फुरसं चावल्यावर सुरुवातीला नुसती सूज दिसते, माणूस बोलतो-चालतो आणि घरचे म्हणतात काही नाही झालं, पण त्याचं विष रक्त गोठू देत नाही आणि त्रास नंतर सुरू होतो. म्हणून बरं वाटलं तरी घरी थांबायचं नाही.

सापाची भीती सगळ्यांना, गोचिडाची कोणालाच नाही, म्हणून एक जादा सांगतो. जानेवारी ते मे मध्ये दोडामार्ग, बांदा, तिलारी बाजूच्या जंगलात जाणार असाल तर अंगभर कपडे आणि आल्यावर गरम पाण्याने अंघोळ. तिथे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत आणि तो गोचिडीतून पसरतो. मेलेलं माकड दिसलं तर लांबूनच आरोग्य केंद्राला कळवा. पावसाळ्यात पायाला जखम असताना भातशेतीच्या पाण्यातून चालू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, चालून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना ‘पाण्यातून चाललो होतो’ हे आठवणीने सांगा.

मे महिन्यात मुलांना घेऊन देवगडला आजोळी जातो. मुलं दिवसभर मोबाईलवर. उन्हात कुठे नेऊ?
– आई, कल्याण

उन्हात नेऊच नका ना. साडेपाचला उठवा, पहिल्या दिवशी शिव्या खाल, तिसऱ्या दिवशी तीच तुम्हाला उठवतील. सहा ते साडेआठ एवढीच वेळ तुमची, त्यानंतर कोकणातला मे म्हणजे घामाची अंघोळ. पाखाडीने, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांच्या पायवाटेने, सड्यावर जा, करवंदं असतात, जांभळं असतात, काजूचा बोंडू संपत आलेला असतो पण मिळेल एखादा. दुसऱ्याच्या झाडाखालचा आंबा मात्र उचलायचा नाही, हापूसच्या बागेत राखणदार असतो आणि त्याचं वर्षाचं उत्पन्न त्या दोन महिन्यांवर आहे, रानातलं रायवळ आंब्याचं झाड कुठलं ते आजोबांना विचारा, त्याखाली मुलांना सोडून द्या. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, उन्हात फोडून आगळ करायचं काम घरोघरी चालू असतं, ते बघायला थांबा, हात लाल होतात याचंच मुलांना अप्रूप.

मेच्या शेवटी, पाऊस तोंडावर आला की रात्री काजवे. त्यासाठी कुठला महोत्सव नको. घराचे दिवे बंद करा आणि पाणंदीत झाडांखाली उभे राहा, टॉर्च आणि फोन खिशात. त्या मोबाईलचं काय करायचं ते तेव्हाचं तेव्हा बघू.

वेळासला कासवं बघायला गेलो आणि दोन दिवसांत एकही पिल्लू दिसलं नाही. पैसे वाया. हे नुसतंच मार्केटिंग आहे का?
– नाराज पर्यटक, डोंबिवली

नाही हो. अंड्यांना कॅलेंडर कळत नाही. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या थंडीत रात्री पुळणीवर येऊन अंडी घालतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास, ती साधारण ४५ ते ६० दिवसांनी फुटतात, ऊन कसं पडलं त्यावर पाच-दहा दिवस मागेपुढे. म्हणून हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, पण नेमका कुठला दिवस ते कोणी छातीठोक सांगू शकत नाही. जायच्या आधी गावात फोन करून कुठलं घरटं कधी फुटायला आलंय ते विचारायचं आणि मधल्या वारी जायचं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसोबत हे काम २००२ मध्ये सुरू केलं तेव्हा अंडी सर्रास चोरीला जायची, आता तीच माणसं राखण करतात. पिल्लू दिसलं नाही म्हणून हे मार्केटिंग कसं होईल?

आणि पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, मधला अख्खा दिवस मोकळा असतो तेव्हा तुम्ही काय केलंत ते नाही लिहिलंत. नाना फडणवीसांचं मूळ गाव हेच. बाणकोटचा किल्ला चालत जाण्याजोगा आहे, सावित्रीच्या मुखावर, वरून खाडी आणि पलीकडचं हरिहरेश्वर दोन्ही दिसतं. फेब्रुवारीत वाटेवर पांगारा आणि सावर फुललेली असते, त्यावर पक्ष्यांची झुंबड. समुद्राजवळच्या उंच झाडाकडे बघत चाला, पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचं घरटं दिसलं तर पिल्लांचं दुःख विसराल.

चप्पल, बूट की अनवाणी?
– रोहा

पुळणीवर अनवाणी, खडकावर कधीच नाही. कालवांच्या कपच्या ब्लेडसारख्या कापतात आणि ती जखम आठवडाभर चिघळते. मागे पट्टा असलेली रबरी सँडल घ्या. पावसाळ्यात किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखं काही पडलेलं दिसलं आणि त्याला लांब दोरा असला तर हात लावू नका, मेलेलं असलं तरी डंख मारतं.

कातळशिल्पं पायी बघायची आहेत. एका दिवसात किती होतील?
– इतिहासाची विद्यार्थिनी, सोलापूर

किती होतील हा प्रश्नच सोडून द्या, दोन बघा. उक्षीचा कातळात कोरलेला हत्ती बघा, गावाने त्याची राखण चांगली केलीये. कशेळीचा बघा, तो जवळजवळ १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं अशी कितीतरी चित्रं कोरलेली आहेत. जवळून नुसत्या रेघा दिसतात, आकृती कळायला दोन-चार वेळा भोवतीने फिरावं लागतं आणि मग एकदम सोंड सापडते, ते सापडणं कोणी बोट दाखवून दिलं तर मजा गेली. देवाचे गोठणेला भार्गवरामाचं देऊळ आहे आणि वर सड्यावर मानवाकृती, तिथे होकायंत्र नेलंत तर सुई चुकीची दिशा दाखवते, खिशात असू द्या. सिंधुदुर्गात मालवण तालुक्यात कुडोपी. यातली काही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि वेळ सकाळी नऊच्या आत नाहीतर चारनंतर. माथ्यावर ऊन असताना रेघा सपाट होऊन जातात, तिरपं ऊन असलं की खाचेत सावली पडते आणि चित्र उठून येतं. खडू, रांगोळी, पाणी ओतून फोटो काढणारे भेटतील तर तुम्ही विद्यार्थिनी आहात, चार शब्द सुनवा आमच्यातर्फे. शिल्पावर पाय देऊन उभं राहायचं नाही हे वेगळं सांगायला नको. बहुतेक जागा खासगी सातबाऱ्यावर आहेत, वाडीत विचारून जा.

मी एकटी फिरते. कोल्हापूरहून एसटीने येऊन गावागावातून चालायचं आहे. सेफ आहे का, आणि लोक काय म्हणतील?
– कोल्हापूर

लोक म्हणतील, “कोण गो तू? कोणाकडे आलीस?” वाटेत भेटलेली प्रत्येक आजी हे विचारणार, चिडू नकोस. नीट उत्तर दे, कुठून आलीस, कुठे जाणार ते सांग, कारण तू पुढच्या वाडीला पोचायच्या आधी ही बातमी पोचलेली असते आणि हीच तुझी सिक्युरिटी. पाणी मागितलंस तर आधी गूळ येईल. एकटीने निर्जन पुळण आणि संध्याकाळनंतरचा सडा टाळ, बाकी गावांना जोडणाऱ्या पाखाड्या आणि पाणंदी दिवसा वापरात असतात. हल्ली घरटी दुचाकी आल्यापासून पाखाड्या ओस पडायला लागल्यात, जांभ्याच्या पायऱ्या रानात बुजतात, गुगल मॅपवर तर त्या नाहीतच. ‘खालच्या वाडीला जुनी वाट कुठली’ असं विचारायचं, ‘रस्ता कुठला’ विचारलंस तर डांबरीवर पाठवतील आणि तीन किलोमीटरचा वळसा पडेल.

वस्तीची एसटी संध्याकाळी कितीला येते ते सकाळीच विचारून घे. गावात हॉटेल नसलं तरी खानावळ असते, पण जेवण आधी सांगावं लागतं, ऐनवेळी गेलीस तर बिस्किटांवर रात्र काढशील. कुत्र्यांसाठी हातात काठी, उगारायची नाही, नुसती असू दे.

आम्ही चार मित्र, साठी ओलांडलेले, रिटायर्ड. रेवसपासून रेडीपर्यंत अख्खा किनारा चालायचा विचार आहे. वेडेपणा आहे का?
– पेण

आहे, पण करण्यासारखा आहे. शाळेत आपण महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर असं घोकलं, प्रत्यक्ष चालताना आकडा विसरा कारण किनारा सरळ कुठे आहे, दर चार-सहा तासांनी खाडी आडवी येते. पूल गाठायला आत जायचं म्हणजे कधी कधी अख्खा दिवस. पूर्वी लोक तरीने जायचे, आता मोठ्या खाड्यांवर फेरीबोट आहे, आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. गाड्या चढवतात तशीच माणसंही, तिकीट किरकोळ. खाडीचं मुख ओहोटीला कितीही उथळ दिसलं तरी पायी उतरायचं नाही, वाळूचा दांडा जागा बदलतो आणि मधे ओढ असते.

एका दमात करू नका. रायगड एका थंडीत, रत्नागिरी दुसऱ्या, सिंधुदुर्ग तिसऱ्या. नोव्हेंबरच्या मध्यावर सुरुवात, भात झोडून झालेलं असतं, शेतातल्या वाटा मोकळ्या होतात, कुरव पक्षी उत्तरेकडून आलेले असतात, आणि फेब्रुवारी संपायच्या आत थांबा. डिसेंबरचा शेवटचा आठवडा घरी बसा, त्या वेळी काशीदपासून तारकर्लीपर्यंत पाय ठेवायला जागा नसते आणि खोलीचे भाव ऐकून पेन्शन आठवेल. शिमग्याच्या दिवसांत रत्नागिरीत असलात तर दोन दिवस थांबून पालखी नाचताना बघा, चालणं कुठे पळून जात नाही.

चौघांची मिळून एकच मोठी सॅक नको, प्रत्येकाची आपापली आणि पाच किलोच्या आत. दोन जोड कपडे पुरतात, कुठल्याही घरी विहिरीवर धुवून वाळत घालायला नाही म्हणत नाहीत. औषधं दोन ठिकाणी वाटून ठेवा. आणि फेरीबोटीची शेवटची फेरी कितीची ते आदल्या दिवशीच फोन करून विचारून घ्या, कारण तवसाळच्या धक्क्यावर ती चुकली तर जयगड समोर दिसत असतं आणि रात्र अलीकडेच काढावी लागते.